साक्ष देण्यास नकार

प्रश्न असा आहे : एखादा मनुष्य खरा विश्वासी आहे, हे मंडळीने कशावरून ठरवावे? जन्मावरून, बाप्तिस्म्यावरून, वागणुकीवरून, की त्याने चारचौघांत उभे राहून सांगितलेल्या अनुभवावरून? आमच्या सुवार्तिक मंडळ्यांमध्ये या प्रश्नावर आजही वाद चालतात. एक पक्ष दुसऱ्याला 'नामधारी' म्हणतो. दुसरा पहिल्याला 'अतिपवित्र' म्हणून हिणवतो. हा वाद मी पुष्कळ वर्षे ऐकला आहे. पनवेलच्या आमच्या लहान मंडळीचा चिटणीस असताना एकदा त्याचा निकाल मी स्वतःच्या हाताने वहीत लिहिलाही आहे. तो निकाल चुकीचा होता, आणि लिहिताना मला ते ठाऊक होते. जे घडले ते क्रमाने सांगतो.

स्वातंत्र्यानंतरची ती सहावी-सातवी वर्षे. मी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. माझे वडील तरुणपणी ख्रिस्ती झाले होते. मी ख्रिस्ती घरातच जन्मलो. आमची मंडळी म्हणजे पंचवीस-तीस घरे : दवाखान्यातल्या परिचारिका, दोन-तीन शिक्षक, एस. टी.तला एक कारकून, रस्त्याच्या कामावरचा एक मुकादम, आणि आसपासच्या गावांतून चालत येणारी चार-दोन माणसे. कौलारू लांबट दिवाणखान्यात उपासना होई. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे, खाली सतरंज्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, म्हणजे भाकरीचा लहान तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. तो फक्त पूर्ण सभासदांना मिळे. ज्याला तो मिळत नाही तो मंडळीत बसतो, पण मंडळीचा नसतो, अशी आमची समजूत होती.

त्या रविवारी न चुकता येणाऱ्यांत रोडपालीची एक बाई होती. वय पन्नाशीच्या पुढचे. मिठागरात काम करून तिच्या तळपायांना भेगा पडल्या होत्या, आणि त्या भेगा कायम पांढऱ्या दिसत. नवरा वारलेला, मुलगा मुंबईला गिरणीत. गावात ख्रिस्ती असे तिचे एकटीचेच घर. खाडीच्या बांधाने ती चालत येई; भरती असली की बांध सोडून लांबचा रस्ता धरी. आम्ही सगळे तिला मावशी म्हणत असू. प्रभुभोजनाच्या दिवशी ती घरून काही न खाता निघे. तसा आमच्यात नियम नव्हता आणि तिला तसे कोणी शिकवलेलेही नव्हते.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या आमच्या पंचांमध्ये दवाखान्यातले कंपाउंडर होते. जिभेला लगाम नसलेला, पण मनाचा निर्मळ माणूस. त्यांनी तिला एकदा दारातच छेडले, "मावशी, ताटलीतला तुकडा म्हणजे काही न्याहारी नव्हे. पोटाला खाऊन येत जा."

ती म्हणाली, "मंग तुमी त्याला भोजन कशाला बोलता? जेवनाला बोलवायचा आनी घरून जेवून या सांगायचा, ही कंची रीत?"

कंपाउंडर हसले, "हरलो बुवा!" आणि पुढल्या वेळेपासून उपासना संपली की तिच्यासाठी दवाखान्यातून चहा आणवू लागले.

त्या वर्षी थंडीत आमच्याकडे तीन दिवसांची संजीवन सभा, म्हणजे विश्वास नव्याने जागवण्याची सभा, झाली. घाटावरून एक पाहुणे उपदेशक आले. आवाज खणखणीत, शब्द तोलून टाकलेले. ख्रिस्ती घरात जन्मल्याने कोणी ख्रिस्ती होत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा. आणि तो खराही आहे. मनुष्याने आपली पापे ओळखली पाहिजेत, ती सोडली पाहिजेत, नव्याने जन्मले पाहिजे. तिसऱ्या संध्याकाळी ते म्हणाले, "शाळेचा दाखला काढा. त्यावर जन्मतारीख असते की नाही? मग तुमच्या नव्या जन्माची तारीख कोठे आहे? ज्याला तारीख सांगता येत नाही, त्याने आपण जन्मलो की नाही हे तपासावे." लोक रडले. मीही डोळे पुसले.

आमचे पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, तरुण होते, कर्तव्यदक्ष होते. पुढच्याच आठवड्यात पंचांची बैठक बोलावून त्यांनी ठराव मांडला : प्रत्येक पूर्ण सभासदाने मंडळीसमोर आपली साक्ष द्यावी, म्हणजे प्रभूने आपल्याला कसे व कधी वाचवले ते सांगावे, ती तारीख वहीत नोंदवावी, आणि जो साक्ष देणार नाही त्याने ती देईपर्यंत प्रभुभोजनापासून दूर राहावे.

कंपाउंडर तेवढे अडून बसले. "पाळकसाहेब, मला माझ्या आईने कधी जन्म दिला ते आठवत नाही. तरी मी इथे बसलोय, दिसतोय ना?"

"आईला आठवत होतं," पाळकसाहेब म्हणाले.

"तेच म्हणतो मी. ज्याने जन्म दिला त्याला आठवतंय. आपण कशाला वही काढायची?" मग ते माझ्याकडे वळले. "आणि दाखल्याचं म्हणाल तर मास्तरांना विचारा. अर्ध्या पनवेलचा वाढदिवस एक जूनला येतो, तो काय सगळ्यांच्या आयांनी ठरवून केला? तसाच आपणही एक जून लिहू या!"

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण ते अक्षरशः खरे होते. पहिलीत घालायला आणलेल्या मुलाची जन्मतारीख आईबापांना सांगता आली नाही की आम्ही शिक्षक वय अदमासाने धरून 'एक जून' लिहीत असू. मी स्वतः अशी पुष्कळ मुले नोंदवली होती. मूल समोर उभे असे, नाक ओढत असे. तारीख मात्र माझ्या दौतीतून येई. ही गोष्ट त्या बैठकीत मीच सगळ्यांत स्पष्टपणे मांडू शकलो असतो. मी म्हटले, "वही आखून देतो."

वही मी फार चांगली आखली. लाल शाईच्या रेघा. अनुक्रमांक, नाव, बाप्तिस्मा, नव्या जन्माची तारीख, साक्ष, शेरा. पहिल्या पानावर पंचांची नावे यायची होती, आणि चिटणीस म्हणून तिसरी ओळ माझी होती. ती ओळ मी दोन दिवस कोरी ठेवली. मला तारीख नव्हती. लहानपणापासून मी प्रार्थना करीत आलो, चुकलो, पस्तावलो, पुन्हा चुकलो. यात एका दिवसावर बोट ठेवता येईना. हे असेच्या असे सांगणे शक्य होते. पण ज्याने वही आखली त्याच्याच ओळीत रिकामी जागा दिसली असती. म्हणून मी महाविद्यालय सोडण्यापूर्वीच्या एका वर्षाचे जुने पंचांग मिळवले, मार्चमधला एक रविवार शोधून काढला, आणि लिहिला. रविवार यासाठी की कोणी पडताळून पाहिले तर वार जुळावा. इतकी काळजी मी कधी खऱ्या तारखेचीही घेतली नव्हती. ती तारीख इथे देत नाही. एकदा लिहिली तेवढी पुरे.

साक्ष देताना मी ती तारीख मंडळीसमोर उभा राहून सांगितली. घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, त्या वर्षी मार्चमध्ये तुम्हाला गोवर निघाला होता ना? सासूबाई दर वेळी सांगायच्या, महिनाभर खोलीबाहेर काढला नाही म्हणून."

मी म्हटले, "खोलीतच झालं ते."

"मग सभेत उभं राहून काय सांगितलंत? 'उपासनेतून परत येताना' म्हणालात."

त्यानंतर कित्येक दिवस वही टेबलावर दिसली की ती उचलून कपाटावर ठेवी.

एकेक करून सगळ्यांच्या साक्षी झाल्या. कंपाउंडरही उभे राहिले, "तारीख ठाऊक नाही, पण उपकार ठाऊक आहेत," एवढे म्हणून बसले. पाळकसाहेबांनी हसून ते चालवून घेतले. मावशींची पाळी आली तेव्हा त्या सतरंजीवरून उठल्याच नाहीत. मान हलवून म्हणाल्या, "साक्ष मी नाय देनार." दिवाणखान्यात कुजबुज झाली. पाळकसाहेबांनी मला सांगितले, "तुम्ही त्यांच्या घरी जाऊन समजावून पाहा."

शाळेला सुट्टी होती त्या दिवशी सकाळी मी रोडपालीला गेलो. मावशींनी ओटीवर गोणपाट टाकले, पाणी दिले. मी वर्गात समजावतो तसे समजावले : साक्ष म्हणजे काय, ती का द्यायची, त्यात भिण्यासारखे काही नाही. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

मग म्हणाल्या, "मास्तर, मना ठाव हाय साक्ष म्हंजे काय ते. मी दिलीय. तुमच्या पनवेलच्या कोर्टात."

"कोर्टात? कधी?"

"उघाडी नवी बसवली त्या साली." खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला जे लाकडी दार असते त्याला तिकडे उघाडी म्हणतात. "कोनीतरी राती जुनी उघाडी मोडली. खारं पानी भातात शिरला, पीक गेला. माजा दीर बोलला, अमक्यानं मोडली. मना बोलला, तू पहाटंची मिठावर जातेस, तू बगलास असा सांग. मी सांगितला. जज्जसायेबानं इचारला, डोल्यांनी बगलास? मी बोलली, व्हय. त्याला आत टाकला."

"आणि तुम्ही पाहिलं नव्हतं?"

"आयकला व्हता. दिराच्या तोंडून."

मी विचारले तेव्हा त्यांनी पुढचे सांगितले. त्यानंतर एक-दोन वर्षांनी आमच्या मंडळीची बायबलबाई, म्हणजे घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणारी सेविका, त्या गावात येऊ लागली. तिचे ऐकता ऐकता मावशींची झोप उडाली. तो माणूस तोवर सुटून आला होता. त्या त्याच्या दारात गेल्या आणि बायकापोरांसमोर म्हणाल्या, मी खोटे बोलले. त्याच्या बायकोने शिव्या दिल्या आणि मग पाणी दिले. दिराने त्याच संध्याकाळी मावशींना आणि त्यांच्या नवऱ्याला घराबाहेर काढले. "मंग आमी दोगा तुमच्या लोकांत आलो. बाप्तिस्मा घेतला."

माझ्या मांडीवर वही होती. तिच्या 'साक्ष' या रकान्यात जे जे यायला हवे होते ते सगळे या बाईने सांगितले होते : पापाची ओळख, पश्चात्ताप, भरपाई, नवे जिणे. आमच्या सर्व साक्षींमध्ये अशी एकही नव्हती. मी म्हटले, "मावशी, हेच उभं राहून सांगा. बाकी काही नको."

"त्याला तुमी साक्षच बोलनार ना?"

"हो."

"मंग नाय. साक्ष म्हंजे डोल्यांनी बगलेला. देव मी बगला नाय, मास्तर. आयकलाय. आयकलेल्याची साक्ष मी एकदा दिली, एक मानूस तुरुंगात गेला. आता नाय देनार. तुमाला इचारायचा ते माज्या घरी येऊन इचारा, मी सांगन. पन साक्ष नाय."

परत येताना बांधावर मला एकच विचार होता, आणि तो मावशींचा नव्हता. पंचांसमोर ही हकीकत सांगितली की कंपाउंडर म्हणणार, 'बघा, तारखेशिवाय माणूस कसा जन्मतो!' मग तारखांची चर्चा होणार, पहिले पान उघडले जाणार, आणि ते थट्टेने का होईना, मला विचारणार, 'मास्तर, तुमचा रविवार कोणता होता हो?' मला खोटे निभावता येत नाही. एकदाच निभावले होते.

शनिवारी बैठक झाली. पाळकसाहेबांनी विचारले, "काय म्हणाल्या?"

मी म्हणालो, "साक्ष देणार नाही, असे म्हणाल्या."

"काही कारण?"

"देव पाहिलेला नाही, म्हणाल्या."

दोन्ही वाक्ये शब्दशः खरी होती. वर्गात मी मुलांना शिकवीत असे की अर्धे उत्तर खरे असले तर अर्धे गुण मिळतात. या उत्तराला किती गुण द्यावेत ते मला अजून ठरवता आलेले नाही. पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. कंपाउंडर म्हणाले, "मावशी असं म्हणाली? नीट ऐकलंत ना, मास्तर?" मी म्हणालो, "नीट ऐकलं." मावशींना प्रभुभोजनातून वगळण्यावर मत घेतले तेव्हा कंपाउंडरांनी हात वर केला नाही, बाकीच्यांनी केले. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिले : 'साक्ष देण्यास नकार.' अक्षर स्वच्छ होते.

निर्णय मावशींना कळवायचे काम माझे होते. मी ते केले नाही. पुढच्या पहिल्या रविवारी त्या नेहमीसारख्या आल्या, उपाशी. बायकांच्या बाजूला ताटली नेण्याची पाळी माझी होती. त्यांनी पदराचे टोक खाली धरून ओंजळ पुढे केली. मी ताटली त्यांच्यावरून पुढच्या बाईकडे नेली. शाळेत मुलांचे पुढे केलेले हात मी जन्मभर पाहत आलो होतो, प्रसादाच्या खडीसाखरेला आणि छडीलाही. ही ओंजळ मी ओळ संपवून परत फिरलो तरी तशीच होती.

उपासना संपल्यावर त्यांनी मला पायरीवर गाठले. "मास्तर, माज्यापाशी येताना सरला काय?"

"नाही, मावशी. तुमचं नाव आता त्या यादीत नाही. साक्ष दिली की येईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्या घरी बसून काय ऐकले होते ते त्यांना ठाऊक होते, आणि मला ते ठाऊक आहे हेही ठाऊक होते. त्या म्हणाल्या, "तुमी सांगितलाव त्यांना?"

"सांगितलं."

"समदा?"

मी म्हणालो, "पंचांनी ठरवलं."

"बरं," त्या म्हणाल्या. मग विचारले, "मंग पुडच्या वेली येऊ का नको?"

"या ना. उपासनेला या."

त्या येत राहिल्या. वर्षभर, प्रत्येक पहिल्या रविवारी. दाराजवळ, अजून सभासद न झालेल्या मुलांमध्ये बसत. मी जाणीवपूर्वक पाळी बदलून पुरुषांच्या बाजूची ताटली घेतली. कंपाउंडरांचा चहा तेवढा चालू राहिला.

पुढे मुलाने त्यांना मुंबईला नेले. आमच्यात मनुष्य दुसऱ्या गावी गेला की जुन्या मंडळीची चिठ्ठी घेऊन जातो. ती पाहून नवी मंडळी त्याला सामावून घेते. मावशी चिठ्ठी मागायला माझ्या घरी आल्या. चिटणीस मी. मी लिहिले की या बाई उपासनेला नियमित येत असत, वर्तन चांगले, प्रभुभोजनाच्या सभासद नाहीत. त्यांना वाचता येत नव्हते. "काय लिवलाव?" त्यांनी विचारले.

मी पहिली ओळ वाचून दाखवली.

"येवढाच? कागद तर भरलाय."

"बाकीचा मायना असतो," मी म्हणालो. त्यांनी कागदाची घडी करून पदराच्या टोकाला बांधली, माझ्या बायकोला 'येते' म्हणाल्या आणि गेल्या. बायको आतून सगळे ऐकत होती. ती म्हणाली, "मायना वरती असतो ना हो? खाली कधीपासून आला?"

त्या प्रश्नाने मी हललो, असे लिहायला मला आवडले असते. प्रत्यक्षात आणखी दीड वर्ष गेले. पाळकसाहेबांची बदली ठरली, वही नव्या पाळकांच्या हवाली करायची वेळ आली, आणि ती त्यांच्या हातात देताना माझे हात मोकळे होईनात. शेवटच्या बैठकीत मी उभा राहिलो. माझी तारीख पंचांगातून काढलेली आहे हे सांगितले; मग रोडपालीची हकीकत, उघाडीपासून ओंजळीपर्यंत, सांगितली. कंपाउंडर त्या दिवशी काही विनोद करतील असे मला वाटले होते. ते एवढेच म्हणाले, "मी तुम्हाला विचारलं होतं, नीट ऐकलंत का म्हणून." पाळकसाहेब म्हणाले की ठराव त्यांचा होता. त्यांची ही उदारता मी स्वीकारू शकत नाही. ठराव त्यांचा होता, पण उत्तर माझे होते.

तारखेचा रकाना रद्द झाला. मावशींचे नाव पुन्हा यादीत आले. मी मुंबईच्या मंडळीला सविस्तर पत्र लिहून पहिली चिठ्ठी चुकीची असल्याचे कळवले. तीन आठवड्यांनी उत्तर आले : अशा कोणी बाई चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आलेल्या नाहीत. मुलाची चाळ शोधत मी दोनदा गेलो. तो काम सोडून दुसरीकडे गेला होता, कोठे ते शेजाऱ्यांना सांगता आले नाही. रोडपालीलाही कोणाला पत्ता नव्हता. ती चिठ्ठी त्यांना कोणी वाचून दाखवली का, आणि दाखवली असेल तर कोठे, हे मला माहीत नाही. त्या त्यानंतर कोणत्या मंडळीत बसल्या, की कोठेच बसल्या नाहीत, हेही माहीत नाही.

आता प्रश्नाचे उत्तर. माझ्या मते विश्वासी मनुष्य त्याच्या तारखेवरून किंवा सभेतल्या शब्दांवरून ठरवता येत नाही. खोटे सोडण्यासाठी त्याने काय गमावले, हे त्याच्या दारात बसून ऐकावे लागते, आणि ऐकलेले पूर्ण सांगावे लागते. पण हे उत्तर देणाऱ्याने यापूर्वी आपल्या मंडळीसमोर अर्धे सांगितलेले आहे. म्हणून ते माझ्या शब्दावर घेऊ नये. आपल्या मंडळीच्या वहीत ज्यांच्या नावापुढे 'नकार' असा शेरा असेल, त्यांच्या घरी वाचकांनी स्वतः जावे, त्यांचे नेमके शब्द काय होते ते त्यांनाच विचारावे, आणि मी म्हणतो ते खरे आहे की नाही हे तपासून पाहावे, एवढी विनंती आहे.